डिस्टॉर्शन पेडलचा मोड बदलला की आधी व्हॉल्यूम जुळवा
गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या एकाच डिस्टॉर्शन पेडलमध्ये तीन-चार आवाज देणारा छोटा स्विच असतो ना, तो बऱ्याचदा आत क्लिपिंग डायोड, म्हणजे सिग्नलची टोकं कापणारा छोटा भाग, बदलतो. सिलिकॉन डायोड साधारण 0.6-0.7 व्होल्टला सिग्नल कापतो, जर्मेनियम त्याच्याही आधी, आणि लाल एलईडी जवळपास 1.7 व्होल्टला, म्हणून एलईडी मोडवर गेलं की आवाज एकदम मोठा होतो आणि आपल्याला वाटतं वा काय भारी टोन आहे, पण खरं तर तो फक्त जोरात वाजतोय, कान फसतात हो. म्हणून प्रत्येक मोडला लेव्हल नॉबने आवाज सारखा करून घ्या, मगच ठरवा.

सिलिकॉनला दाबलेला, घट्ट आवाज मिळतो, रिफला मस्त. एलईडी मोकळा असतो, पिक हलका-जोरात मारला तर फरक कळतो, मला ऱ्हिदमला तोच आवडतो. गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारा नॉब) मात्र दोन्हीकडे आधी निम्म्यावर ठेवा, फुल करून मोड बदलत बसलात तर सगळे आवाज थोडेफार सारखेच वाटायला लागतात.

आणि हो, रॅट (RAT) नावाच्या डिस्टॉर्शन पेडलसारख्या पेडलला फिल्टर नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो.