व्हिसाच्या मेडिकलला निघण्याआधी

भुसावळात एक्स-रे काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. मे-जून आला की कोणी ना कोणी दारात येतं, "भाऊ, पोरीचा व्हिसाचा छातीचा फोटो काढून द्या." मी परत पाठवतो. आमची फिल्म कितीही स्वच्छ आली तरी व्हिसाला चालत नाही. त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरकडेच तपासणी करावी लागते. यादी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर असते. आपल्याकडची बहुतेक मुलं मुंबईला जातात. विदर्भ एक्स्प्रेसला रात्री बसलं की सकाळी पोचतात.

आधी देश बघा. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर फक्त टीबीची तपासणी लागते, सर्टिफिकेट सहा महिने चालतं. कॅनडाला छातीच्या फोटोसोबत रक्त-लघवीही तपासतात, ती तपासणी बारा महिने धरतात. ऑस्ट्रेलियाला आधी ऑनलाइन खात्यातून एचएपी आयडी, म्हणजे तपासणीचा ओळख क्रमांक, काढा, मगच अपॉइंटमेंट.

माझी भाची ब्रिटनला निघाली तेव्हाचं सांगतो. अकरावीत तिला टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या खाऊन पूर्ण बरी झाली. बहीण म्हणाली, "दादा, तिथे सांगायलाच नको." मी म्हटलं, वण फोटोत दिसणारच. दिसलाच: उजव्या फुप्फुसाच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. मग सलग तीन सकाळी थुंकीचे नमुने द्यावे लागले. टीबीचे जंतू फार हळू वाढतात, त्यामुळे कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याचा, निकाल यायला दोन महिने लागू शकतात. तिचा निकाल स्वच्छ आला, पण तोवर घरात कोणाला जेवण गोड लागलं नाही. म्हणून आधी कधी टीबी झाला असेल तर जुनी फिल्म नि उपचाराचं कार्ड सोबत न्या, खरं तेच सांगा आणि हाताशी तीन महिने ठेवून तारीख घ्या. बऱ्या झालेल्या टीबीने व्हिसा जात नाही, वेळ जातो.

मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्स नको. चष्मा असेल तर तोही. केस वर बांधा; वेणी छातीवर आली की फोटोत सावली पडते. गळ्यातलं घरीच काढून ठेवा. दिवस गेलेले असतील तर एक्स-रेआधी सांगा. लघवी तपासायची असेल तर पाळीचे दिवस सोडून तारीख घ्या, नाहीतर रक्त दिसतं आणि पुन्हा मुंबई. ब्रिटनचं सर्टिफिकेट हातात पडलं की काउंटरवरून हलण्याआधी नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर एकेक अक्षर लावून बघा.