पाढे पाठ, गुणाकार सपाट: या चुका टाळा

इंदूरला रामबागेत राहते, घरीच पहिली ते चौथीच्या मुलांचं गणित घेते. दर वर्षी कुणीतरी आई कौतुकानं सांगते, "ताई, हिचे पंधरापर्यंत पाढे पाठ आहेत हं!" मी बरं म्हणते आणि 3 रिकाम्या बशा मांडते. प्रत्येकीत 4 जिलेब्या आहेत असं समज, एकूण किती? गेल्या खेपेच्या बाईसाहेब म्हणाल्या, सात. चार त्रिक बारा घडाघडा येत होतं, पण त्या बाराचा बशांशी काही संबंध असतो हे तिच्या गावीही नव्हतं.

बेरजेत मूल एकच गोष्ट मोजतं. गुणाकारात दोन मोजण्या एकदम चालतात: तोंडानं जिलेब्या (चार, आठ, बारा) आणि बोटांवर बशा. त्यासाठी चार जिलेब्यांना "एक बशी" म्हणून डोक्यात धरावं लागतं, आणि ते जमायला काही मुलांना महिने लागतात. लागू देत. मोबाईलवर पाढ्यांची गाणी लावून ते महिने वाचत नाहीत. मी आधी चिंचोके वाटून घेते, मग टप्प्यांनी मोजून घेते, पाढा शेवटी.

दुसरी चूक माझी स्वतःची. एका मुलाला "चार त्रिक"चं चित्र काढायला सांगितलं. त्यानं 3-3 चेंडूंचे 4 गट काढले. मी लाल फुली मारली. त्यानं पुन्हा तेच काढलं, मी पुन्हा फुली, मग रडारड. संध्याकाळी वडील म्हणाले, "ताई, शाळेत फोर थ्रीज असंच शिकवतात." तेव्हा ट्यूब पेटली. आपलं चार त्रिक म्हणजे चार तीनदा. इंग्रजीतलं फोर थ्रीज म्हणजे तीन चारदा. उत्तर 12च, चित्रं दोन. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या पोराला मी फुकट रडवलं होतं. आता ट्रेमध्ये शेंगदाण्यांच्या 3 ओळी लावते, प्रत्येकीत 4, आणि ट्रे पाव फिरवते. ओळी झाल्या 4, दाणे तेवढेच. फुली मारण्याआधी मुलाला "हे काय काढलंस?" असं विचारते.

सात अठ्ठे विचारलं की पोरं सात एकेपासून गाडी सोडतात. मध्ये अडली की पहिले पाढे पंचावन्न. मी म्हणते, पस्तीस येतात ना, सात पंचे? त्यात सात त्रिक एकवीस घाल. झाले छप्पन्न. तरी विसरला तर आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, छप्पन दुकानला नेऊन आणा, हा एक शॉर्टकट मला मान्य आहे.

शून्याचा गुणाकार नियम म्हणून घोकवू नका. 5 रिकाम्या बशा दाखवा.

"गुणलं की वाढतं" असं चुकूनही म्हणू नका. आमच्या आजीला निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, पाठ होती. अर्ध्यानं गुणलं की कमी होतं हे तिला कुणी वेगळं शिकवलं नाही.

आणि "दहानं गुणायचं? शून्य लाव!" हे सांगणाऱ्या दादा-काकांनो, पाचवी-सहावीत तेच पोर 2.5 गुणिले 10 बरोबर 2.50 लिहून आणतं, आणि निस्तरायला माझ्याकडे येतं.