लोभावर उतारा: मूठ, पट्टी आणि जोगवा

गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारं सांगितली आहेत. क्रोध लगेच दिसतो. लोभ मात्र काटकसर, लेकराबाळांची सोय, अडीनडीची तजवीज अशी नावं घेऊन येतो. नुसत्या जपानं तो हलत नाही. तोंडाबरोबर हातालाही नेम लागतो.

सुरुवात मुठीपासून करा. सकाळी 'रामकृष्णहरी'ची एक माळ, १०८ मणी, सहा-सात मिनिटं. माळ संपली की चूल पेटण्याआधी ज्वारीची एक मूठ वेगळ्या डब्यात. पीठ ठेवू नका, त्याची विरी (चिकटपणा) जाते. घरात खाता तीच ज्वारी हवी. किडकं धान्य टाकलं तर तो नुसता कचरा काढणं झालं. पंधरा दिवसांत पाऊण किलोच्या आसपास जमतं. एकादशीचा उपास असतो, म्हणून द्वादशीला, आपलं पारणं सोडण्याआधी गरजवंताच्या घरी पोचवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन मुठी टाकू नका. देवाशी हिशेब सुरू झाला की लोभ मागच्या दारानं आत येतो.

मग पैसा. सोयाबीनची पट्टी (विक्रीचा हिशेब नि पैसे) हातात पडल्यावर दानाचा वाटा ठरवू नका; आकडा दिसला की मन घासाघीस करतं. मृगात पेरतानाच देवघरासमोर ठरवा: रुपयाला एक पैसा. पन्नास हजारांची पट्टी आली तर पाचशे, घरी पोचण्याआधीच बाजूला. डोक्यावर कर्ज असेल तर आधी ते फेडा, तोवर मूठ पुरे. उसनं काढून दान करू नये.

आणि जोगवा. तुळजापूरच्या आईचा कुळाचार असलेल्या घरांत मंगळवारी, शुक्रवारी किंवा नवरात्रात परडी घेऊन पाच घरी मागतात. पोतंभर धान्य असलेल्या घरानंही मागायचं असतं, आणि आम्हाला तर हाच सगळ्यात जालीम उपाय वाटतो. एरवी हक्कानं घेणारा हात इथं पसरावा लागतो, किती मिळावं ते आपल्या हाती नसतं. घरं पाचच. सहाव्या दारातून हाक आली तरी नमस्कार करून पुढं जा. वाडे बघून दारं निवडणं आणि पैसे मागणं, या दोन चुका नेहमी होतात. परडीत पडलेलं सगळं एकत्र शिजवून प्रसाद म्हणून खावं, साठवू नये.

नवसाबद्दल लोक विचारतात. गीतेत काही मागण्यासाठी भजणारा अर्थार्थीही भक्तांतच धरला आहे, त्यालाही उदार म्हटलं आहे. तेव्हा नवस बोललात म्हणून मनाला लावून घेऊ नका, फेडा. फक्त तो या नेमात मोजू नका: नवसात काम झाल्यावर द्यायचं असतं, मुठीत काम होवो न होवो, रोज सकाळी.