गावात गेमिंग पीसी: आधी लाइन, मग मॉनिटर, शेवटी कार्ड

गेमिंग पीसी घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा निघतो. वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत, तालुक्यापासून लांबच्या गावात पीसी चालवायचा असेल तर कार्ड सगळ्यात शेवटी ठरवा. इथे पीसी बिघडवणाऱ्या मोठ्या गोष्टी दोनच: लाइन, म्हणजे वीज, आणि ऊन. त्यांचा खर्च आधी बाजूला काढायचा. मग मॉनिटर निवडायचा, कारण कार्डाला किती पिक्सेल काढावे लागतील ते मॉनिटरवर ठरतं. उरलेल्या पैशात बसेल ते कार्ड.

आधी सॉकेट तपासा

वायरमनला बोलवा आणि ज्या सॉकेटवर पीसी लागणार आहे तिथे मल्टिमीटरने तीन वेळा मोजून घ्या: सकाळी, संध्याकाळी ७ ते ९ च्या दरम्यान, आणि आसपासचे कृषिपंप सुरू असताना. फेज-न्यूट्रलमध्ये २०० ते २४५ व्होल्ट मिळत असतील तर चिंता नाही. १८० च्या खाली वारंवार जात असेल तर स्टॅबिलायझर लागेल. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. फेज-अर्थिंगचा आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा. तो फारच कमी आला तर सॉकेटची तिसरी पिन नुसती नावाला आहे. जुन्या घरांत ती आतून रिकामीच सापडते.

अर्थिंग नसलं की कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे लोखंडी बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, पण चालू पीसीला एचडीएमआय केबल लावताना किंवा काढताना तोच पोर्ट जाळू शकतो. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून करतात, पण आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि सुकलेल्या मातीतून अर्थिंग नीट मिळत नाही. मार्च ते जूनमध्ये त्या खड्ड्यात नेमाने पाणी टाकत राहा.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे डीपीवरचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचं, न्यूट्रल सुटणं. तसं झालं की एखाद्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज ३०० च्या वर जातो आणि टीव्ही, चार्जर, एसएमपीएस एकदमच जातात. एमसीबी यावर काही करत नाही, तो जास्त करंटवर पडतो, जास्त व्होल्टेजवर नाही. मीटरजवळच्या बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला की तो लाइन तोडतो आणि स्थिर झाल्यावर थोडं थांबून आपोआप जोडतो. पूर्ण घराचं संरक्षण होतं, त्यामुळे हा खर्च घरच्यांना पटवणंही सोपं जातं. विजा चमकायला लागल्या की मात्र कोणत्याही उपकरणावर विसंबू नका. पीसीचा प्लग आणि राउटरची लॅन केबल, दोन्ही काढून ठेवा. कितीतरी मदरबोर्ड लॅन पोर्टमधूनच जळतात.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका. ५५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा), अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज नीट ओढणारं सर्किट), आणि स्टिकरवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेला घ्या. असा एसएमपीएस कमी व्होल्टेजवरही तग धरतो. डब्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॉट, हे खरे. कॅबिनेटसोबत स्वस्तात मिळणाऱ्या ‘४५० वॉट’वर कित्येकदा १५-२० अँपिअरच असतात, म्हणजे २४० वॉटच्या आत. त्यावर गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट होतो आणि दोष कार्डाला दिला जातो.

यूपीएसचा उपयोग गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता धरा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. १००० ते ११०० व्हीएचा घेतला तर मध्यम कार्ड आणि मॉनिटर निवांत चालतात. त्यातली बॅटरी २५ अंशांच्या वर दर १० अंशांना जवळपास निम्मं आयुष्य गमावते, म्हणून यूपीएस खिडकीच्या उन्हात किंवा टिनाच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह (लाइनसारखीच गुळगुळीत वीज देणारा) आहे का ते बघा आणि मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. वाइड मोडमध्ये लाइन बदलायला जास्त वेळ लागतो आणि पीसी बंद पडतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस चालवू नका.

मॉनिटर

१०८०पी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख. म्हणजे कार्डाचं काम पावणेदोन पटीहून जास्त. काम वाढलं की वीज वाढते, वीज वाढली की उष्णता. बजेट मर्यादित असेल तर १०८०पी हेच उत्तर, आणि आकार २४ इंच. २७ इंचावर १०८०पी घेतलं तर दर इंचाला ८२ च्या आसपास पिक्सेल उरतात, टेबलावर दोन फुटांवर बसल्यावर अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. २४ इंचावर तेच ९२ होतात आणि डोळ्यांना चालतात. त्याच मॉनिटरवर अभ्यास किंवा सीएससीची (सरकारी ऑनलाइन सेवा केंद्राची) कामं होणार असतील तर हा फरक रोज जाणवेल.

रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असेल तर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ हर्ट्झला ६.९ मिलिसेकंदांनी. ६० वरून १४४ वर गेल्यावर कुणालाही फरक कळतो. १४४ वरून १८० वर गेल्यावर तो फार थोड्यांना कळतो, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे देऊ नका, त्याच दरात मिळाला तर घ्या. डब्यावरच्या ‘१ एमएस’वर निवड करू नका. तो आकडा बऱ्याचदा बॅकलाइट लुकलुकवून मोजलेला असतो, आणि तो मोड लावला की स्क्रीन अंधुक होते.

पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा प्रकार, आयपीएस घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकारात काळा रंग खोल दिसतो, कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ असतो आणि आयपीएसचा १०००:१, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या गोष्टींमागे काळी शेपटी राहते. शूटिंग गेम खेळणाऱ्याला ती नकोच. रात्री अंधारात बसून कथेचे गेम खेळणार असाल तर व्हीए चालेल. ब्राइटनेस किमान २५० निट्स हवा. आपल्याकडे दुपारी दार उघडं असतं आणि अंगणातलं ऊन भिंतीवरून थेट स्क्रीनवर येतं. मॉनिटर दाराला काटकोनात ठेवला की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. स्वस्त मॉनिटरवरच्या एचडीआरच्या शिक्क्याकडे दुर्लक्ष करा.

फ्रीसिंक किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (कार्डाच्या वेगानुसार स्क्रीन बदलणारी सोय) हवंच, कारण बजेट कार्डावर फ्रेम्स, म्हणजे दर सेकंदाची चित्रं, वर-खाली होत राहतात. त्याची रेंज वाचा. ४८-१४४ असेल तर ४८ च्या खाली फ्रेम गेल्यावरही मॉनिटर तीच फ्रेम दोनदा दाखवून सांभाळून घेतो. ४८-७५ असेल तर तसं करायला जागाच उरत नाही आणि चित्र फाटतं. ७५ हर्ट्झचा स्वस्त मॉनिटर नको म्हणायचं खरं कारण हे.

डिस्प्लेपोर्ट असलेलाच मॉनिटर घ्या आणि सोबत केबल आहे का ते विचारा. काही स्वस्त मॉडेल एचडीएमआयवर पूर्ण रिफ्रेश रेट देत नाहीत.

कार्ड, प्रोसेसर आणि बाकीचं

१०८०पीसाठी ८ जीबी मेमरीचं कार्ड पकडा. आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचं कार्ड या कामाला अजून पुरतं आणि उन्हाळ्यातही सोसवतं. आरटीएक्स ३०५० घेताना डोळे उघडे ठेवा: ८ जीबीचं कार्ड १३० वॉटचं, ६ जीबीचं ७० वॉटचं आणि बरंच हळू, नाव मात्र दोन्हींचं तेच. आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबीचं असून मदरबोर्डशी जोडणाऱ्या फक्त चार लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं. जुन्या, पीसीआयई ३.० च्या मदरबोर्डवर ते आणखी मंदावतं. ते टाळा. जुन्या बाजारातलं आरएक्स ५८० घ्यायचं झालं तर ‘२०४८ एसपी’ हे कमी ताकदीचं मॉडेल तर नाही ना, ते बघा. यातली बरीच कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये राबलेली असतात, म्हणून अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सोबत रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, रायझन ५ ५६०० मध्येही नसतं. कार्ड वॉरंटीला गेलं की अशा पीसीवर डिस्प्लेच येत नाही. कार्डाला आता पैसे नसतील तर रायझन ५ ५६००जी घेऊन हलके गेम सुरू करता येतात. मात्र त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मी, १६ एमबी आहे, त्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर तो थोडा मागे राहतो.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली की मेमरीचा वेग निम्म्यावर येतो, आणि ५६००जीसारख्या प्रोसेसरवर त्याचा फटका थेट फ्रेम्सना बसतो. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. एसएसडी एनव्हीएमई, जमल्यास १ टीबी.

सगळ्यात कमी पैशांचा मार्ग म्हणजे ऑफिसातून निघालेला जुना ब्रँडेड टॉवर. आठव्या पिढीचा आय५ किंवा त्यापुढचा बघा, त्याखालच्या पिढ्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट या शूटिंग गेमला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात. अशा टॉवरचा एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो आणि त्यात कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसते, म्हणून जादा वायर न लागणारं कार्डच चालेल: ६ जीबीचं ३०५० किंवा तसल्याच बनावटीचं जीटीएक्स १६५०. डबा बारका असेल तर कमी उंचीचं कार्ड लागेल. पट्टी हातात घेऊन मापच घ्या. इंटेल आर्क कार्ड अशा जुन्या मशीनला घेऊ नका, त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सोय) लागतं.

मे महिना आणि कापूस

३० अंशांच्या खोलीत कार्ड ७० अंशांवर चालत असेल तर ४२ अंशांच्या खोलीत तेच ८२ च्या आसपास जातं. कॅबिनेटला पुढे जाळी हवी, बंद काच नको. दोन पंखे पुढून हवा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. गेममध्ये फ्रेम्सची मर्यादा लावा: उन्हाळ्यात १४४ ऐवजी ९० वर बांधलं की कार्डाची वीज आणि उष्णता दोन्ही उतरतात.

कूलर लावा, पण त्याचा झोत कॅबिनेटवर नको. त्या हवेसोबत पाण्याचे बारीक थेंब येतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. कूलर खोलीच्या एका टोकाला, पीसी दुसऱ्या टोकाला, आणि हवा बाहेर जायला खिडकी उघडी.

दिवाळीनंतर भाव वाढेपर्यंत कापूस घरातच गंजी लावून ठेवतात. त्या खोलीत पीसी कधीच ठेवू नका. कापसाचे तंतू प्रोसेसरच्या आणि कार्डाच्या फिन्समध्ये अडकून नमद्यासारखा थर तयार होतो, बाहेरून तो दिसतही नाही. शिवाय कापसाशेजारी गरम एसएमपीएस म्हणजे आगीचा धोका. हंगामात दर महिन्याला कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारा. तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटसुलट जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.

खरेदी आणि पहिला आठवडा

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून ऑनलाइन भाव आधीच लिहून न्या. प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. वॉरंटीला पार्ट कुठे द्यावा लागेल, नागपूरला, अमरावतीला की थेट मुंबईला कुरिअर, हे पैसे देण्याआधी विचारा. थोडा महाग पण जवळ सर्व्हिस असलेला ब्रँड गावाकडे स्वस्तच पडतो. एसटीने मॉनिटर आणताना खोका उभा ठेवा, त्यावर काही रचू देऊ नका. ऑनलाइन मागवला असेल तर खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ करा.

जोडल्यावर केबल मदरबोर्डला नाही तर कार्डाला लावा. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १४४ करा. हे न केल्याने १४४ चा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालवणारे पुष्कळ आहेत. पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी आणि निळी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल बघा, काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड बघा. मग भर दुपारी दोन तास सलग गेम चालवून कार्डाचं तापमान लिहून ठेवा, आणि गेम चालू असतानाच यूपीएसचा प्लग काढून तो पीसीचा भार पेलतो का ते पाहा. हे सगळं बदलून मिळण्याच्या मुदतीत उरका. ऑनलाइन खरेदीत ती कित्येकदा ७ दिवसांचीच असते.