व्हिनेगरच्या थेंबाने दगड ओळखताना

कोल्हापूरच्या परिसरातील काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला आहे. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत पुढे झिरपत्या पाण्यातून पांढरी खनिजे साचली. खडीच्या ढिगात असे पांढरे ठिपके असलेले दगड हमखास सापडतात. ते पांढरे कॅल्साइट आहे, गारगोटी आहे की झिओलाइट, हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण असते. त्यांतले कॅल्साइट व्हिनेगरने ओळखता येते.

प्रथम दगड ब्रशने घासून धुवावा. मी एकदा ही पायरी गाळली होती. पंचगंगेकाठच्या काळ्या रानातून उचललेला दगड चांगलाच फसफसला, म्हणून मी त्यावर 'कॅल्साइट' अशी चिठ्ठी लावली. प्रत्यक्षात फसफसली होती ती त्याला चिकटलेल्या मातीतली चुनखडी.

मग पांढरा भाग लोखंडी खिळ्याने खरवडावा. खिळा घसरून मागे धातूचीच करडी रेघ उमटली, तर ती बहुधा गारगोटी असते. भुकटी निघाली, तर तिच्यावर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकून भिंगातून पाहावे. व्हिनेगरमध्ये आम्ल जेमतेम ४ ते ५ टक्के असल्यामुळे अखंड स्फटिकावर क्रिया मंद होते, भुकटीवर मात्र ती चटकन दिसते. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाशी संयोग होताच त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. झिओलाइट फसफसत नाही.

पन्हाळ्याच्या माथ्यावर असतो तसा जांभा येथे हमखास चकवतो. त्यातला चुना पावसाने केव्हाच धुऊन नेला आहे आणि मागे मुख्यतः लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगे उरली आहेत, तरीही थेंब पडताच बुडबुडे दिसतात, कारण त्याच्या छिद्रांतली हवा बाहेर पडते. म्हणून जांभ्याचा तुकडा आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवावा.

गडाच्या किंवा देवळाच्या दगडावर हा प्रयोग कधीही करू नये. जुन्या बांधकामाच्या सांध्यांतला चुना आम्लाने झिजतो. संडास साफ करण्याचे अ‍ॅसिडही वापरू नये.

वायूची खात्री करायची असल्यास विड्याचा चुना वाटाण्याएवढा घेऊन पेलाभर पाण्यात ढवळावा आणि रात्रभर ठेवून वरची निवळी अलगद ओतून घ्यावी. बाटलीत चमचाभर चुनखडीचे खडे व व्हिनेगर घालून निघणारा वायू नळीने निवळीत सोडला, की ती दुधाळ होते. तो दुधाळपणा म्हणजे पाण्यात नव्याने तयार झालेले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण होत.