मोर्चाचे फोटो काढायला निघायच्या आदल्या रात्री

उद्या सोलापुरात पूनम गेटवर मोर्चा आहे असा मेसेज आला की मी सगळ्यात आधी कॅमेऱ्यातली तारीख-वेळ मोबाईलशी जुळवून घेतो. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की ते घड्याळ कधीकधी मागं पडतं, आणि पुढं कुणी तो फोटो कोर्टात मागितलाच तर आधी दगड आला का आधी लाठी उठली हे त्या मिनिटांवरच ठरतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम 63 प्रमाणं इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल जरा बदलली तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहायची असते, म्हणून मूळ फाईलला हातच लावायचा नाही, क्रॉप, कलर काय करायचं ते कॉपीवर करा.

बॅगेत फार काही नको. एक वाईड आणि एक झूम लेन्स, दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, पॉवर बँक, पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतो आणि मोर्चा नेमका बारा वाजता रस्त्यावर येतो, त्यामुळं सोलापुरी टॉवेल भिजवून मानेवर टाका आणि सोबत कडक भाकरी-शेंगाचटणी बांधून घ्या, दिवसभर टिकते. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी साधा चष्मा घाला, अश्रुधूर आला की लेन्स डोळ्यात फार त्रास देतात, आणि तोंडाला तेलकट क्रीम चोपडून जाऊ नका. बूट मात्र चांगले पाहिजेत, चपलेवर पळता येत नाही.

आता कार्डाचं, कारण माझा सगळा जीव त्यातच आहे. एक मोठं कार्ड नको, लहान-लहान तीन-चार ठेवा, तासाभरानं बदला आणि भरलेलं कार्ड बॅगेत न ठेवता आतल्या खिशात किंवा ओळखीच्या माणसाकडं द्या. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्हीवर एकदम सेव्ह होऊ द्या. मोबाईलला जोडून महत्त्वाचे पाच-सहा फोटो तिथल्या तिथं घरी पाठवायची सवय लावा. हे मी शिकलो ते एकदा गर्दीत मला बाजूला घेऊन एका अधिकाऱ्यानं सगळं डिलीट करायला लावलं तेव्हा. मी घाबरलो, केलं डिलीट. नंतर एका मित्रानं सांगितलं की कार्ड काढून ठेव, त्याच्यावर एकही नवीन फोटो काढू नको, आणि रात्री फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून त्यातले बहुतेक फोटो परत आले. डिलीट म्हणजे पुसलं गेलं असं लगेच नसतं, पण त्याच कार्डावर पुढं शूट केलं की मग गेलंच.

डिलीट कर म्हणणाऱ्याला आज मी काय सांगतो तर, साहेब, लेखी द्या. जप्ती करायची असेल तर नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 मध्ये झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला सांगितलंय, फुटेज पाहिजे असेल तर ते हजर करा अशी कलम 94 ची नोटीस पाठवा, मी वकिलामार्फत उत्तर देतो. आवाज चढवायचा नाही, हात जोडून बोललं तरी चालतं, पण मुद्दा सोडायचा नाही. अटक केली तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं बंधनकारक आहे. आणि पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून ऑफिशियल सीक्रेट्स म्हणजे सरकारी गुपितांच्या कायद्याचं कलम लावायची धमकी कुणी दिली तर 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही असं म्हटलंय, ते लक्षात असू द्या. वकिलाचा नंबर पेनानं हातावर लिहा, मोबाईल काढून घेतला तर पाठ नसतो कुणाला. मोबाईलचं फेस आणि बोटाचं लॉक आदल्या रात्री बंद करून लांब पिन टाका.

ओळखपत्र तर घ्याच, पण फ्रीलान्स असाल तर ज्याच्यासाठी काढताय त्याच्याकडून साधं पत्र घ्या. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं 2017 ला कायदा केला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र, पण त्यात नोकरीवर किंवा करारावर असलेल्या माध्यमकर्मींचा विचार आहे, आणि ते एक पत्र नसल्यामुळं आपला पोरगा बाहेर राहू नये. जमावबंदी लागलीय का तेही आधी बघा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 37. शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि ग्रामीण पोलिसांचा कारभार वेगळा, त्यामुळं मोर्चा कुठल्या हद्दीत आहे हे माहीत पाहिजे.

सकाळी एक तास आधी जा. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबून मी दरवेळी कुर्बान हुसेन यांच्याकडं बघतो. 'गझनफर' हा पेपर चालवणारा माणूस, मे 1930 च्या मार्शल लॉ नंतर त्यांना आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. आपल्या गावात पेपरवाल्यानं केवढी किंमत मोजलीय हे आठवलं की डिलीट कर म्हणणाऱ्यापुढं पाय लटपटत नाहीत.

गर्दीत कुठून आत शिरायचं त्यापेक्षा कुठून बाहेर पडायचं ते आधी ठरवा. लाठी आणि जमाव यांच्या मधल्या पट्ट्यात उभं राहू नका, बाजूला भिंतीला धरून राहा. आपल्याकडं विडी कामगार बायकांच्या घोषणा तेलुगूत असतात, दुसऱ्या मोर्चात कन्नड, उर्दू ऐकू येते, तेव्हा अर्थ विचारून तिथंच वहीत लिहून घ्या, अंदाजानं कॅप्शन टाकलं की माणसाच्या तोंडी भलतंच जातं.

आणि चेहरे. ज्या बाईला उद्या परत त्याच कारखान्यात जायचंय तिला विचारा, फोटो चालेल का. गर्दीचा फोटो वेगळा, एकटीचा क्लोजअप वेगळा. नको म्हणाली तर हात, कडेवरचं पोर, पाठीमागून फलक, यातनंही सांगता येतं. पोलीस फोटो मागतात ते पण याच चेहऱ्यांसाठी, आणि सूत्र गुप्त ठेवायचं संरक्षण आपल्याकडं प्रेस कौन्सिलसमोर आहे, कोर्टात तसा सरसकट कायदा नाही. त्यामुळं जे नाव लिहून ठेवायची गरज नाही ते लिहूच नका, आणि ग्रुपवर कच्चे फोटो टाकू नका.

घरी आल्यावर आधी कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा, एक कॉपी घराबाहेर, मग आंघोळ, मग जेवण. दोन्ही कॉपी उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, झोप कितीही आली तरी.