सौम्य थंडीच्या हंगामात बागायती गहू कसा सांभाळावा

गव्हाला थंडीची खरी गरज फुटवे फुटताना आणि दाणे भरताना असते. हिवाळा उबदार गेला तरी पीक जगते, पण घाईघाईने पक्व होते. फुटवे कमी येतात, ओंबी लवकर निसवते आणि दाणा भरण्याचे दिवस घटल्यामुळे तो बारीक राहतो. मार्च २०२२ हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, गव्हाच्या उत्पादनाचे अंदाज खाली आले आणि मे महिन्यात केंद्र सरकारने निर्यातीवर बंदी घातली. महाराष्ट्रातील थंडी मुळातच कमी दिवसांची असल्याने पंजाब-हरियाणापेक्षा येथील पिकाला सावरायला कमी वाव मिळतो.

पेरणीची शिफारस १ ते १५ नोव्हेंबर अशी आहे. ऑक्टोबरची उष्णता रेंगाळली असेल, तर याच पंधरवड्यात आठवडाभर थांबणे योग्य ठरते. मात्र थंडीची वाट पाहत पेरणी डिसेंबरवर ढकलू नये, कारण तसे केल्यास दाणे भरण्याची अवस्था नेमकी मार्चच्या उन्हात सापडते. ज्यांचे शेत कापूस किंवा सोयाबीन निघाल्यावर उशिरा रिकामे होते, त्यांनी निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा 'फुले समाधान' यासारखा वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालणारा वाण निवडावा. वेळेवरच्या पेरणीस हेक्टरी १०० ते १२५ किलो बियाणे पुरते. उशिराच्या पेरणीस फुटवे कमी येणार हे धरून १२५ ते १५० किलो वापरावे आणि दोन ओळींतील अंतर १८ सेंटिमीटर ठेवावे.

पाण्याच्या बाबतीत तारखांवर विसंबणे सर्वांत महागात पडते. मुकुटमुळे फुटण्याची अवस्था साधारणपणे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, कांडी धरण्याची ४० ते ४५ दिवसांनी आणि फुलोऱ्याची ६० ते ६५ दिवसांनी येते, असे आपण पाठ केलेले असते. पण रात्री उबदार असल्या की या अवस्था काही दिवस अलीकडे सरकतात. म्हणून पंधराव्या दिवसानंतर शेतात तीन-चार ठिकाणची रोपे हलक्या हाताने उपटून जमिनीलगत नवी पांढरी मुळे दिसतात का ते पाहावे आणि ती दिसताच पाणी द्यावे. पाणी मोजकेच असेल, तर इतर कोणतीही पाळी चुकली तरी चालेल, ही चुकू देऊ नये. दाणे चिकात असताना उष्णता वाढल्यास सायंकाळी हलके पाणी द्यावे. वारा सुटला असेल तर मात्र थांबावे, कारण ओल्या जमिनीत ओंब्यांच्या भाराने पीक लोळते.

फेब्रुवारीत तापमान अचानक चढू लागल्यास कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशयुक्त खताची ०.२ टक्के फवारणी करता येते, म्हणजे एकरी २०० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. ही फवारणी नुकसान कमी करते; पाण्याची उणीव भरून काढत नाही. ढगाळ हवेत मावा ही कीड आणि तांबेरा हा रोग यांवर लक्ष असू द्यावे.

एखादा उबदार हिवाळा एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, किंवा बंगालच्या उपसागरावरून आलेल्या ढगांमुळेही असू शकतो, आणि एका हंगामावरून हवामानबदलाचा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. अनेक हंगामांच्या नोंदी हाती असाव्यात, यासाठी किमान-कमाल तापमापक शेतातील सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगावा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. तापमानाशेजारीच पेरणी, पहिली ओंबी आणि काढणी यांच्या तारखा लिहाव्यात. ओंबी दरवर्षी आधी निसवत असल्याचे वहीत दिसू लागले, तर पुढील हंगामाचा वाण आणि पेरणीचा आठवडा त्या नोंदीवरून ठरवावा.